घरमुशी

चिपळुणातल्या बेंडखळ्यांच्या दिवाणखान्यात त्या दिवशी सोफे नव्हते. ते आतल्या खोलीत एकावर एक रचून ठेवले होते आणि त्यांच्या जागी पारदर्शक प्लास्टिकचा एक लांबट, अंडाकृती हौद चार माणसांनी नुकताच आणून बसवला होता.

"याला कोपरे का नाहीत?" शरयू बेंडखळेने विचारले.

"मुशी थांबत नाही, मॅडम. पोहत राहिली तरच तिच्या कल्ल्यांतून पाणी वाहतं," ईश्वरी चोगले म्हणाली. "कोपरा आला की ती अडते आणि नाक घासून घेते. जखम झाली की संपलं."

ईश्वरी 'नीलजीव' या कंपनीची मत्स्यतंत्रज्ञ होती. ती मूळची हर्णैची. मत्स्यविज्ञान शिकल्यावर दोन वर्षे ती कंपनीच्या पैदास केंद्रात होती आणि आता घरोघरी टाक्या बसवून देत होती. तिने पिशवी फोडून तळाशी वाळू पसरली. वाळू रव्यासारखी मऊ होती, कारण मुशीचे पोट तळाला घासते आणि खड्यांनी ते सोलवटते. मग तिने पाण्यातला मळ फेसाबरोबर वर काढणारी फेसगाळणी लावली, पंप लावले आणि शेवटी एक जाड तार पाण्यात सोडून ती जमिनीतल्या अर्थिंगला जोडली.

"पंपातून थोडी जरी वीज पाण्यात झिरपली तरी तिला कळते," ती म्हणाली. "आपल्याला ऐकू येतं तशी तिला वीज जाणवते. पाण्यात हात घातलात तर तुमच्या स्नायूंची वीजसुद्धा. आणि तांब्याची वस्तू टाकीजवळ आणायची नाही. तांबं तिला विष आहे."

"मुशी कधी येणार?" हेरंबने विचारले. हेरंब शरयूचा नवरा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर वर्षभरातच त्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली होती आणि तेव्हापासून घरात त्याचा जीव रमत नव्हता. घरमुशीची, म्हणजे घरात पाळायच्या छोट्या शार्कची, जाहिरात पाहिल्यापासून मात्र तो दुसरे काही बोलत नव्हता.

"दीड-दोन महिन्यांनी, काका. आधी पाणी पिकू दे."

"पाणी पिकतं?"

"माशाच्या अंगातून अमोनिया बाहेर पडतो. तो खाणारे जिवाणू वाळूत, दगडांत वाढावे लागतात. ते वाढायच्या आत मुशी सोडली तर ती स्वतःच्याच घाणीनं मरेल."

हेरंब रिकाम्या पाण्याकडे कौतुकाने पाहत राहिला. शरयू ईश्वरीकडे पाहत होती. तिची सगळी नोकरी भाताच्या नव्या वाणांच्या पैदाशीत गेली होती. कोणी कितीही देखणे बियाणे पुढे केले तरी त्याचे आईबाप विचारल्याशिवाय ते हातात घ्यायचे नाही, ही तिची सवय होती.

"मूळ जात कुठली?"

"समुद्रातली मोठी. खाडीत शिरते, नदीच्या गोड्या पाण्यातही चालते. रानटी असेल तर या टाकीहून लांब होते. पण आमच्या घरमुशीला लगाम आहे. वाढ रोखणारं जनुक. हातभर झाली की थांबते."

"लगामाच्या प्रती किती? एकच, की आईबापांकडून एकेक अशा दोन?"

ईश्वरीने हातातला पाना खाली ठेवला. हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नसावा. "एक," ती म्हणाली.

"दोन का नाहीत? दोन असत्या तर प्रत्येक पिल्लात लगाम आला असता, पैदास सरळ झाली असती."

"ते केंद्रातले लोक सांगतील, मॅडम."

"आणि एका घरात एकच मुशी, तीही मादीच. असं का?"

"भांडतात त्या," ईश्वरी म्हणाली आणि उठून नळी जोडायला लागली. ती खोटे बोलत नाही, पण पढवलेले बोलते आहे, असे शरयूला वाटले.

मुशी आली. हेरंबने तिचे नाव रेवा ठेवले. राखाडी पाठ, पांढुरके पोट, बोथट तोंड. आल्यानंतर तिसऱ्याच दिवशी ती त्याच्या हाताशी आली. त्याने पाण्यात हात धरला की पलीकडच्या टोकाहून वळून यायची, तळव्याला नाक घासायची, कधी बोट तोंडात घेऊन सोडायची. बोटावर बारीक ओरखडे उठायचे. हेरंब ते शेजाऱ्यांना अभिमानाने दाखवायचा. त्याची भूक सुधारली, झोप सुधारली. वर्षभराने डॉक्टरांनी एक गोळी कमी केली.

"रानातलं जनावर तीन दिवसांत हाताला येत नाही," शरयू एकदा म्हणाली.

"माझ्यावर माया आहे तिची."

"माया लागायला वेळ लागतो, हेरंब. ही येतानाच घेऊन आली होती."

तो हसला. रेवाच्या बाबतीत शरयूला संशयाशिवाय काही सुचत नाही, असे त्याचे मत झाले होते.

दुसऱ्या वर्षी, थंडीत, शरयू सकाळी चहा घेऊन दिवाणखान्यात आली तेव्हा टाकीत दोन मुशी होत्या.

दुसरी वीतभरही नव्हती. रेवाच्या मागून, तिच्यापासून अंतर राखून ती टाकीच्या कडेलगत फिरत होती. शरयूने हेरंबला हाक मारली. तो आला आणि त्याने पाण्यात हात घातला. पिल्लू सरळ त्याच्या बोटाशी आले.

"कुणी आणलं हे?" शरयूने विचारले.

"रेवाचं असेल."

"नराशिवाय? दोन वर्षं होत आली, एकटी आहे ती."

घराला कुलूप होते, खिडक्या बंद होत्या. आदल्या दिवशी घरी आलेले बाहेरचे माणूस एकच: गाळणी साफ करायला आलेली ईश्वरी. तिच्याजवळ झाकणाची बादली होती. शरयूला ती बादली आता स्पष्ट आठवली.

तिने कंपनीला फोन केला. फोन फिरत फिरत पैदास केंद्राचे प्रमुख डॉ. कौस्तुभ रणपिसे यांच्याकडे गेला. टाकीत एक पिल्लू दिसते आहे, इतकेच तिने सांगितले.

"मेलेली किती मिळाली?" रणपिशांनी विचारले.

"मेलेली?"

रणपिशांनी घाईने शब्द फिरवला. "म्हणजे, आणखी काही दिसलं का, असं विचारतोय. ठीक आहे. आमची माणसं उद्या येऊन दोन्ही घेऊन जातील. तुम्हाला नवी मुशी मिळेल. तोवर कुठे वाच्यता करू नका. आमच्याच एखाद्या कर्मचाऱ्यानं केंद्रातून पिल्लू चोरून तुमच्या टाकीत लपवलं असणार."

फोन ठेवल्यावर शरयूने बाही वर करून दगडांच्या मागे हात घातला. तिथे दोन मेलेली पिल्ले होती, करंगळीएवढी, अर्धवट वाढलेली. तिने ती पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवली आणि कोणाला सांगितले नाही. चोराने जिवंत पिल्लू लपवावे हे समजण्यासारखे होते. मेलेली लपवायचे कारण काय? आणि ती असतील, हे रणपिशांना कसे ठाऊक?

दुसऱ्या दिवशी कंपनीची माणसे यायच्या आधीच हेरंब म्हणाला की पिल्लू मेले. आवारात नारळाखाली आपण ते पुरूनही आलो, असे त्याने सांगितले. त्याचे डोळे लाल होते, म्हणून शरयूने जास्त विचारले नाही. माणसे आली, रेवाला घेऊन गेली आणि जाताना शरयूचा जबाब घेऊन गेली. ईश्वरी चोगले आदल्या दिवशी आली होती का? होय. बादली होती का? होय. टाकीत तिने हात घातला होता का? होय.

तिन्ही उत्तरे खरी होती. ईश्वरीची नोकरी गेली आणि तिच्यावर चोरीचा खटला दाखल झाला. नवी मुशी शरयूने नाकारली. टाकीतले पंप मात्र हेरंबने बंद करू दिले नाहीत.

तीन वर्षे उलटून गेल्यावर एका दुपारी ईश्वरी दारात उभी राहिली. ती बरीच वाळली होती.

"पुढच्या महिन्यात तुमची साक्ष आहे," ती म्हणाली. "कोर्टात बोलायच्या आधी एकदा माझ्या तोंडावर सांगा. पिल्लू मी टाकलं?"

"आत ये," शरयू म्हणाली.

"आधी सांगा."

"तू टाकलंस असं मी म्हटलं नाही. तू आली होतीस एवढंच म्हटलं."

"तेवढ्यानंच झालं माझं, मॅडम. हर्णैत आता माझ्या वडिलांना लोक चोराचा बाप म्हणतात."

शरयू दारातून बाजूला झाली. ईश्वरी आत आली, पण बसली नाही. शरयूने फ्रीजरमधली पिशवी आणून टेबलावर ठेवली. ईश्वरीने ती उचलून उजेडात धरली. हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचा राग मागे सरला.

"ही केव्हा मिळाली?"

"त्याच दिवशी. आणि ही असतील हे रणपिशांना मी सांगायच्या आधीच माहीत होतं."

ईश्वरी खुर्चीत टेकली. "केंद्रात असली रोज निघायची," ती म्हणाली. "तिथं नर आणि मादी दोघांत लगामाची एकेक प्रत असते. पाव हिस्सा पिल्लं दोन प्रती घेऊन येतात. ती पोटातच मरतात. म्हणून दोन प्रतींची घरमुशी बनवताच येत नाही."

"आणि पाव पिल्लांत एकही प्रत नसते."

"ती बेलगाम. पूर्ण वाढणारी. ती जन्मली की लगेच काढून टाकायची, असा नियम होता. म्हणूनच गिऱ्हाइकाला नर द्यायचा नाही. कुणीतरी जोडी जमवली तर घरात मोठी मुशी जन्मेल."

"पण माझ्याकडे नर नव्हता."

"मुशीला नेहमी लागतोच असं नाही, मॅडम. अंडपेशी तयार होताना तिच्याबरोबर एक छोटी उपपेशी तयार होते. ती एरवी मरून जाते. पण मादी फार काळ एकटी राहिली तर क्वचित ती उपपेशीच नराचं काम करते. अनिषेकजनन. मी रणपिसे सरांना हे विचारलं होतं. लाखात एखादं, म्हणाले."

शरयू उठून खिडकीपाशी गेली. असे काही डोक्यात जुळू लागले की तिला बसवत नसे.

"ती उपपेशी अंडपेशीचीच जुळी ना? म्हणजे पिल्लाला आईकडून जी प्रत मिळाली, तीच पुन्हा मिळणार. दोन्ही बाजूंनी एकच. आम्हाला भाताचा वाण शुद्ध करायला सात-आठ पिढ्या लागायच्या, इथे एका उडीत झालं." ती वळली. "रेवाच्या दोन प्रतींपैकी एक लगामाची, दुसरी मोकळी. मग नराशिवाय झालेल्या पिल्लात काय येईल?"

"एक तर दोन लगाम," ईश्वरी म्हणाली, "नाहीतर..."

"नाहीतर एकही नाही. अधलंमधलं काहीच नाही. आईसारखी एक प्रतवाली, हातभर राहणारी मुशी त्यातून कधीच जन्मणार नाही. दोन लगामवाली मरणार. जगेल ती प्रत्येक बेलगाम."

दोघींनी टेबलावरच्या पिशवीकडे पाहिले.

शरयूच्या जुन्या प्रयोगशाळेत अजून तिचे विद्यार्थी होते. आठवड्याभरात तपासणी झाली. दोन्ही पिल्लांत लगामाच्या दोन-दोन प्रती होत्या आणि जिथे म्हणून तपासले तिथे जनुकांच्या जोड्या सारख्याच निघाल्या. बापाचा मागमूस नव्हता. केंद्रात नर आणि मादी यांच्या मिलनातून झालेले पिल्लू असे असूच शकत नव्हते. ही पिल्ले रेवाच्या पोटची होती, याच टाकीत झालेली. ईश्वरी सुटणार, हे नक्की झाले.

ईश्वरीने अहवाल दोनदा वाचला. मग म्हणाली, "लाखात एखादं नव्हतं तर हे. त्यांनी मेलेल्यांबद्दल आधी विचारलं, म्हणजे त्यांना असे फोन आधीही आले होते."

"किती घरांत आहेत घरमुशी?"

"कोकणात दोनेक हजार. सगळ्या एकट्या माद्या."

हेरंब कोपऱ्यात वर्तमानपत्र घेऊन बसला होता. त्याने ते खाली केले.

"समजा, असं पिल्लू मोठं झालं," त्याने विचारले, "तर समुद्रातल्या मुशीसारखंच ना? माणसाला टाळून राहील."

"नाही, काका," ईश्वरी म्हणाली. "रानटी मुशी माणसाला टाळते. घरमुशीत ती भीतीच काढून टाकलीय. माणसाची ओढ घातलीय. आणि ते जनुक एका प्रतीत नाही, दोन्ही प्रतींत आहे. एकही पिल्लू त्याच्याशिवाय जन्मत नाही. लगाम सुटतो, ओढ नाही सुटत."

"ओढ वाईट नव्हे."

"रेवा तुमचं बोट तोंडात घ्यायची, आठवतं? मुशीला हात नसतात. काय आहे ते तोंडानंच चाचपते. हातभर मुशीनं चाचपलं तर ओरखडा उठतो. पुरुषभर मुशीनं तसंच मायेनं चाचपलं तर हात कोपरापासून जाईल."

हेरंबचा चेहरा उतरला. शरयूने त्याच्याकडे पाहिले आणि नारळाखालच्या त्या खड्ड्याचा संशय तिला इतक्या वर्षांनी पहिल्यांदा आला.

"हेरंब, पिल्लू कुठे पुरलंस?"

हेरंबने वर्तमानपत्राची घडी घातली.

"कुठे?"

"पुरलं नाही," तो म्हणाला. "ते दोन्ही नेणार म्हणाले होते. नेऊन काय करतील हे काय मला कळत नव्हतं? बादलीत घालून वाशिष्ठीवर नेलं, जुन्या धक्क्याखाली. भरती होती. सोडलं तर जाईना. पुन्हा पुन्हा हाताशी येत होतं." त्याने चष्मा काढून पुसला. "अजून येते. डाव्या कल्ल्यामागच्या व्रणावरून ओळखतो मी तिला. संध्याकाळी फिरायला जातो ना मी, तिथेच जातो. गुडघाभर पाण्यात उभा राहतो. चार-दोन बांगडे नेतो."

"केवढी झाली?" ईश्वरीने विचारले.

हेरंबने दोन्ही हात पसरले. मग ते पुरेनात, हे लक्षात येऊन त्याने ते पुन्हा मांडीवर ठेवले.

त्याच दिवशी, ऊन कलल्यावर, तिघे धक्क्यावर गेले. ईश्वरीने मत्स्य खात्यातल्या आपल्या एका वर्गमित्राला फोन केला होता. तो जाळे आणि माणसे घेऊन दापोलीहून निघाला होता, पण पोहोचायला वेळ लागणार होता. तोवर मुशी धक्क्याशी येते का ते पाहायचे आणि पाण्यात कोणी उतरायचे नाही, असे ठरले. भरती चढत होती. पाणी गढूळ होते, दोन पायऱ्यांखालचे काही दिसत नव्हते.

"रोज तू या पाण्यात उभा राहायचास," शरयू म्हणाली. "घरी कुणाला माहीत नाही, हृदय असलं, आणि तू इथे."

"तिनं मला कधी काही केलं नाही."

"अजून केलं नाही."

हेरंब शेवटच्या कोरड्या पायरीवर वाकला आणि त्याने पाण्यावर हलकेच चापट मारली. थोड्या वेळाने समोरच्या पाण्यात एक रुंद रेघ उमटली आणि सरळ त्यांच्याकडे येऊ लागली. राखाडी पाठ वर आली. ती हेरंबपेक्षा थोडीच आखूड असेल. पायरीपाशी येऊन तिने बोथट तोंड दगडाला टेकवले आणि ते उघडून पुन्हा मिटले, जणू काहीतरी शोधत होती. शरयूने हेरंबच्या सदऱ्याची मागची बाजू मुठीत घट्ट धरली होती.

हेरंब वाकून निरखत राहिला. मुशी वळली तेव्हा तिची डावी बाजू दिसली, तिच्यावर व्रण नव्हता. तो सावकाश सरळ झाला.

"शरयू," तो म्हणाला, "ही आपली नाही."

रणपिशांना आलेले ते सगळे फोन, आणि फोनच न करता बादली घेऊन नदीवर आलेली ती सगळी मायाळू माणसे, शरयूच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. पलीकडे मधल्या प्रवाहात आणखी एक रेघ उठली. तिच्या बाजूला अजून एक. दोन्ही त्यांच्याकडे येत नव्हत्या. त्या वरच्या अंगाच्या घाटाकडे वळल्या होत्या.

घाटावर सुट्टीची गर्दी होती. पायऱ्यांवर कपडे वाळत होते, कमरेभर पाण्यात मुले डुंबत होती. ईश्वरी धावत निघाली, हात हलवत, सगळ्यांना बाहेर निघा म्हणून सांगत. शरयू तिच्या मागे जमेल तेवढ्या वेगाने गेली. काही बायका उठून उभ्या राहिल्या. मुले मात्र रेघांकडे बोट दाखवत तिथेच थांबली.

खालच्या पायरीवर एक गृहस्थ पाण्यात पाय सोडून बसले होते. शेजारी त्यांची पाचसहा वर्षांची मुलगी होती आणि दोघांच्या मध्ये माशांच्या तुकड्यांनी भरलेला डबा. धापा टाकणाऱ्या शरयूकडे पाहून ते समजुतीने हसले.

"घाबरू नका हो," ते म्हणाले. "काही करत नाहीत त्या. नुसता हात धरा पाण्यात, आपणहून येतात."